१८-५५ नंतर पहिली लेन्स कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीत कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ ची किट लेन्स आली (लेन्सवरचे हे आकडे मिलिमीटरमधली फोकल लेंथ, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). आता लेन्ससाठी पंचवीस हजार बाजूला ठेवलेत. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर जाऊन पक्षी टिपायचेत, फेब्रुवारीत मावसबहिणीचं लग्न आहे आणि २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर मनसोक्त फोटो काढायचेत. दुकानदार म्हणतो ७५-३०० घ्या, वर फिल्टरचा सेट देतो. मित्र म्हणतो ५० घे. आणि ऑफिसातले एक जण म्हणतात, १८-४०० घेऊन टाका, पुन्हा लेन्स बदलायची कटकट नको.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पहिली लेन्स ५० मिमी एफ १.८ घ्या (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), किंवा तुमचे बरेचसे फोटो घराच्या आत निघणार असतील तर २४ मिमी एफ २.८. उरलेल्या पैशांत ५५-२५० आयएस एसटीएम, तीही सेकंड हॅन्ड (आयएस म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, एसटीएम म्हणजे फोकसची गुपचूप चालणारी मोटर). ७५-३०० घेऊ नका. १८-४०० तुमच्या बजेटच्या बाहेर आहे आणि बजेटमध्ये असती तरी पहिली लेन्स म्हणून मी ती सुचवली नसती.

नाशकात लग्नं आणि पक्षी दोन्ही टिपत माझी बरीच वर्षं गेली, आणि नव्याने कॅमेरा घेतलेली मंडळी सल्ला विचारायला येतात तेव्हा दहातल्या आठ जणांचा पहिला प्रश्न ‘लांबचं कसं येईल’ हाच असतो. त्यांचे फोटो मागवून पाहिले की मात्र वेगळंच दिसतं. फोटो बिघडलेले असतात ते हलल्यामुळे, काळवंडल्यामुळे, दाणेदार झाल्यामुळे. म्हणजे उजेड कमी पडलेला असतो. लांबी कमी पडल्यामुळे वाया गेलेले फोटो त्यात फार थोडे असतात. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की पहिला खर्च उजेडावर करा, अंतरावर नंतर.

त्याआधी किट लेन्सबद्दल. तिला नावं ठेवायची पद्धत पडून गेली आहे आणि ते मला मनापासून खटकतं. सिन्नरच्या गोंदेश्वरला सकाळच्या उन्हात उभे राहा, लेन्स ३५ मिमीच्या आसपास ठेवा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ ८ करा आणि शिखरावरचं कोरीवकाम टिपा. हा फोटो महागड्या लेन्सच्या फोटोशेजारी ए४ आकारात छापला तर फरक दाखवणं जाणकारालाही जड जाईल. शिवाय तुमची ही लेन्स २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते. ५५ मिमीवर ठेवून तेवढं जवळ गेलात तर साधारण सात सेंटीमीटर रुंदीची वस्तू अख्खी चौकट भरते. पावसाळ्यानंतर अंजनेरीच्या पठारावर सोनकी, तेरडा, नशीब असेल तर कंदीलपुष्पं, या सगळ्यांसाठी वेगळ्या मॅक्रो लेन्सची गरज पहिल्या वर्षात तरी लागत नाही. भरउन्हात, देवळाच्या आवारात, गडावर, द्राक्षाच्या बागेत ही लेन्स पुरते. सूर्य मावळला की अडते.

ती कुठे अडते ते आकड्यात बघू. लेन्सवर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, १८ मिमीला ॲपर्चर जास्तीत जास्त एफ ३.५ इतकं उघडतं आणि झूम करत ५५ ला गेलात की एफ ५.६ वर येऊन थांबतं. आकडा मोठा तितकं भोक लहान. उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे या आकड्यांचा वर्ग करून तुलना करायची. एफ ५.६ आणि एफ १.८ यांत तो फरक जवळजवळ दहापट निघतो. आता संध्याकाळच्या गोदाआरतीला रामकुंडावर उभे आहात. अंधार पडलाय, दिव्यांचा उजेड पुजाऱ्यांच्या चेहऱ्यावर पडतोय. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १६००, किट लेन्स ५५ वर, एफ ५.६, आणि कॅमेरा शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, सांगतो १/२५ सेकंद. आरतीचं तबक फिरवणारा हात १/२५ मध्ये स्पष्ट येणं शक्य नाही. तिथेच ५० मिमी एफ १.८ लावलीत तर तोच फोटो १/२५० ला निघतो. हात स्थिर, ज्योत स्थिर, चेहरा स्पष्ट.

इथे लोक विचारतात, किट लेन्सला आयएस आहे ना, मग? आयएस म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. समोरचा माणूस हलला तर त्याला ते काही करू शकत नाही. पांडवलेण्यांतल्या अंधाऱ्या लेण्यात दगडी मूर्ती टिपताना आयएस फार उपयोगाचं, कारण मूर्ती हलत नाही. तिथे ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे किट लेन्सचं आयएस तिथे खरंच कामाला येतं. हळदीत नाचणाऱ्या करवल्यांसाठी त्याचा उपयोग शून्य.

आता ५० की २४, यावर जरा जास्त थांबतो, कारण इथे चुकीची लेन्स घरी आली की ती कपाटातच राहते.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, साधारण २२ बाय १५ मिमीचा आहे, जुन्या फिल्मच्या ३६ बाय २४ मिमीच्या चौकटीपेक्षा लहान. त्यामुळे दृश्य १.६ पट आत कापल्यासारखं दिसतं: ५० मिमी लावली की फिल्म कॅमेऱ्यावरच्या ८० मिमीइतकं, २४ लावली की ३८ मिमीइतकं. ८० मिमी ही चेहऱ्याच्या फोटोची उत्तम लांबी. नाक मोठं दिसत नाही, पार्श्वभूमी छान विरघळते. पण उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा तर कॅमेरा उभा धरूनही ५० मिमीने सव्वाचार मीटर मागे जावं लागतं. सिडकोतल्या किंवा इंदिरानगरातल्या नेहमीच्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बाराचा, म्हणजे तीन बाय साडेतीन मीटर. पाठ भिंतीला टेकली तरी पाय कापले जाणार. २४ मिमीने तोच फोटो दोन मीटरवरून येतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात, माजघरात, देवघरासमोर तर ५० मिमीने श्वास घ्यायला जागा राहत नाही.

म्हणून ठरवायची माझी रीत साधी आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत घराच्या आत किंवा संध्याकाळी काढलेले फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते. बहुतेक फोटो ४० ते ५५ च्या दरम्यान असतील तर ५० घ्या. १८ ते ३० कडे झुकत असतील तर २४ घ्या, मग कोणी कितीही ५० चे गोडवे गायले तरी. अजून खात्री होत नसेल तर एका रविवारी किट लेन्स ५० वर नेऊन झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तसेच फोटो काढा. दुसऱ्या रविवारी २४ वर. कुठल्या रविवारी कमी चिडचिड झाली ते तुम्हालाच कळेल.

कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही १६० ग्रॅमची लहानशी लेन्स आहे. नवीन घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते. २४ मिमी एफ २.८ एसटीएम त्याहूनही पातळ, कॅमेऱ्यावर लावली की लावल्यासारखी वाटतच नाही. मात्र तिचं एफ २.८ हे एफ १.८ पेक्षा सव्वा स्टॉपने कमी, म्हणजे उजेड साधारण चाळीस टक्केच आत येतो. ५५ वर ठेवलेल्या किट लेन्सपेक्षा तरीही चौपट.

५० वापरायला लागलात की पहिल्या आठवड्यात एक अडचण येईल, ती आताच सांगून ठेवतो. एफ १.८ ला दीड मीटरवरून चेहरा टिपलात तर स्पष्ट येणाऱ्या भागाची खोली साधारण सहा सेंटीमीटर असते. फोकस नाकाच्या शेंड्यावर पडला तर डोळे मऊ पडतात आणि कान तर विरघळूनच जातात. पुष्कळ जण इथेच लेन्स सदोष आहे असं समजून दुकानात परत घेऊन जातात. कॅमेऱ्याने आपल्या मनाने फोकसबिंदू निवडायची सोय बंद करा. एकच बिंदू निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. नवरा-नवरी दोघं शेजारी असतील तर एफ ४ करा आणि अडीच मीटरवर जा, म्हणजे खोली ३८ सेंटीमीटरच्या आसपास मिळते आणि दोघंही स्पष्ट येतात. एफ १.८ आहे म्हणून प्रत्येक फोटो एफ १.८ ला काढायचा नसतो.

लग्नाचं विचारलंत म्हणून हेही सांगतो. घरातल्या लग्नात नेमलेला फोटोग्राफर असतोच, तर तुम्ही त्याच्या मागे उभे राहून तेच फोटो काढू नका. हळदीची तयारी, रुखवत मांडणाऱ्या मावश्या, मुंडावळ्या बांधतानाचा चेहरा, पाठवणीच्या वेळी कोपऱ्यात उभे असलेले वडील, हे त्याच्या यादीत नसतं आणि घरच्या माणसाला ते सहज मिळतं. यासाठी ५० सारखी लेन्स फार चांगली, फ्लॅशशिवाय, कोणाच्या लक्षात न येता. मंगल कार्यालयाचं छत पांढरं आणि बुटकं असेल तर छताकडे वळवलेला फ्लॅश कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त काम करतो हेही खरं. पण फ्लॅश घेण्याआधी एक पाहा: १५००डीच्या काही बॉडींवर फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नसतो, आणि तो नसेल तर इतर कंपन्यांचे बरेचसे स्वस्त फ्लॅश पेटतच नाहीत. दुकानात स्वतःच्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता पक्षी. इथे तुम्हाला थोडं नाराज करावं लागणार आहे, पण हिशेब आधी कळलेला बरा.

सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा किती मोठी पडेल हे तुम्ही घरबसल्या काढू शकता. पक्ष्याची उंची गुणिले फोकल लेंथ भागिले अंतर. राखी बगळा उभा असताना साधारण मीटरभर उंच. तो ५० मीटरवर आहे आणि तुमच्याकडे २५० मिमी आहे, तर प्रतिमा पाच मिमीची. सेन्सरची उंची १५ मिमी, म्हणजे बगळा चौकटीच्या एक तृतीयांश. हा फोटो छान होतो, पाण्यासकट, लव्हाळ्यासकट. आता लहान खंड्या घ्या, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १६ सेंटीमीटर. तो १५ मीटरवर बसला तरी २५० मिमीने प्रतिमा पावणेतीन मिमीच्या आतच. तुमच्या २४ मेगापिक्सेलमधले खंड्याच्या वाट्याला जेमतेम सातशे पिक्सेल उंचीला येतात. मोबाइलवर पाहायला ठीक, भिंतीवर लावायला अपुरे. २५० ऐवजी ३०० घेतली तर हा आकडा साडेआठशेच्या आसपास जातो, चित्र काही पालटत नाही. ते पालटायला ६०० मिमी लागते आणि १५०-६०० ची लेन्स तुमच्या पूर्ण बजेटच्या कित्येक पट आहे.

म्हणजे २५० आणि ३०० मधला निर्णय त्या पन्नास मिमीच्या फरकावर करायचा नाही. दुकानदार सुचवतोय ती ७५-३०० फार जुन्या घडणीची, तिला आयएस नाही. ३०० मिमीवर हातात धरून स्थिर फोटोसाठी शटर स्पीड किमान १/५०० लागतो (३०० गुणिले १.६, म्हणजे ४८०). नांदूरमध्यमेश्वरला पक्षी जास्तीत जास्त हालचाल करतात ती सूर्योदयाच्या सुमारास, आणि तेव्हा एफ ५.६ ला १/५०० मिळवायचा तर आयएसओ इतका वर न्यावा लागतो की पिसांचा पोत निघून जातो. शिवाय ३०० वर ती बरीच मऊ पडते, ते सुधारायला एफ ८ करावं तर उजेड आणखी निम्मा. ५५-२५० आयएस एसटीएम वजनाला हलकी, फोकस जलद आणि गुपचूप, २५० वरही पूर्ण उघड्या ॲपर्चरला स्पष्ट, आणि आयएस असल्याने स्थिर बसलेला पक्षी १/१०० च्या आसपासही हातात टिपता येतो. तिचं नाव घेताना ‘एसटीएम’ हे शेवटचे शब्द नीट वाचा. त्याच आकड्यांची आधीची ‘आयएस २’ आवृत्तीही बाजारात फिरते, ती वाईट नाही, पण एसटीएम तिच्यापेक्षा नक्की सरस. आणि उडत्या पक्ष्याला आयएस लागू नाही, तिथे १/१६०० लागतोच, म्हणजे ऊन हवं.

नांदूरमध्यमेश्वरला जायचंच, हे मात्र ठाम सांगतो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा बंधारा, गाळ साचत साचत तयार झालेली ही दलदल, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. निफाडजवळ, आपल्यापासून तासा-दीड तासावर. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जा. चापडगावच्या मनोऱ्यावरून रोहित पक्ष्यांचा थवा पुष्कळदा शंभर मीटरच्याही पलीकडे असतो. २५० मिमीने एकेक पक्षी चौकटीच्या पाचव्या हिश्शाइतका येतो. मग एका पक्ष्याचा चेहरा टिपायचा हट्ट सोडा. थवा, पाणी, धुकं, मागची झाडं असा फोटो रचा. ६०० मिमीवाले शेजारी उभे असतील, त्यांना ६०० वर हा फोटो घेताच येणार नाही कारण त्यांच्या चौकटीत थवा मावत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या आणि बगळे काठाजवळ येतात, ते २५० ने उत्तम मिळतात. शांत बसा, चालत पाठलाग करू नका, पक्षी अर्ध्या तासाने आपणहून जवळ सरकतो. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. तिकडे लेन्स लहान पडते म्हणून कडेला सरकत जवळ जाणं तुमच्यासाठीही धोक्याचं आणि त्यांच्यासाठीही. तो फोटो राहू द्या. खरोखर एखादा शनिवार-रविवार मोठ्या लेन्सने काढायचा असेल तर ती भाड्याने घ्या, विकत घेण्याआधी ते वजन दोन तास हातात धरवतं का हेही कळेल.

सिंहस्थाचा विचार वेगळा करावा लागतो, आणि ऑफिसातल्या त्या गृहस्थांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे ते इथे. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. पंचवटीतल्या त्या गर्दीत लेन्स बदलायला हात मोकळे नसतात, आणि बॉडी उघडी असताना पावसाचा एक थेंब किंवा कोणाच्या अंगाऱ्याची चिमूट आत पडली तर दिवस संपला. तिथे एकच लेन्स लावून जावं हे बरोबर. पण ती १८-४०० असण्याची गरज नाही. ४०० ला तिचं ॲपर्चर एफ ६.३, ढगाळ श्रावणात ते अंधारंच वाटतं, आणि सातशे ग्रॅमहून जास्त वजन दिवसभर गळ्यात. साधूंचे चेहरे, जटा, भस्म, घाटाच्या पायऱ्या हे सगळं दोन-तीन मीटरवरच असतं. किट लेन्स पुरते. पुढेमागे पैसे साठलेच तर १८-१३५ आयएस एसटीएम ही एकटीनेच दिवस काढायला चांगली लेन्स आहे. यातली कोणतीही लेन्स पावसापासून सुरक्षित बनवलेली नाही, त्यामुळे पावसाळी आवरण हवंच. रंगपंचमीला शनि चौकात किंवा तांबट आळीत रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याने भरलेला जमिनीतला हौद) उभं राहणार असाल तर तेव्हाही हेच. धप्पा मारला, म्हणजे कोणी त्यात उडी घेतली, की उसळणारं पाणी रंगाचं असतं आणि ते कुठे कुठे शिरेल याचा नेम नाही.

वाइड अँगल, म्हणजे १०-१८ सारखी लेन्स, पहिल्या वर्षी नको. हरिहरच्या पायऱ्या किंवा सोमेश्वरचा धबधबा १८ मिमीत मावतो. नाही मावला तर चार पावलं मागे जायला जागा असते.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने निकॉनचं विचारलंय, म्हणून दोन ओळी. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे ५० मिमी एफ १.८डी ही स्वस्तात मिळणारी जुनी लेन्स त्यांवर बसते, पण आपोआप फोकस करत नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेलीच घ्या. पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) म्हणून डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी सगळ्यांत उत्तम, आणि खरं सांगायचं तर कॅननकडे या किमतीत तिच्या तोडीची ३५ नाही. उलट बाजूने, ‘एएफ-पी’ लिहिलेल्या नव्या लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. डी३५०० ला त्या चालतात.

फिल्टरच्या सेटबद्दल फार लिहीत नाही. दोनशे-तीनशेचा यूव्ही फिल्टर समोर लावला की दिव्यांसमोरच्या फोटोत हिरवट भुतं उमटतात, आणि तुम्हाला गोदाघाटावर नेमके दिवेच टिपायचे आहेत. काच जपायला हूड लावा, धक्का लागला तर आधी तो झेलतो. घ्यायचाच तर पोलरायझर एक चांगला घ्या, ५८ मिमीचा, कारण तुमची किट लेन्स आणि ५५-२५० दोघींचं तोंड ५८ मिमीचं आहे. गंगापूर धरणाच्या पाण्यावरची चकाकी आणि पावसानंतर ब्रह्मगिरीच्या ओल्या हिरवळीवरचा पांढुरका उजेड तो कापतो, आणि हे काम संगणकावर नंतर करता येत नाही.

‘डीएसएलआर बंद होत चालले, मग आता लेन्स घ्यावी का?’ हे तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ पासून आपला भर हळूहळू मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, नेला आहे, डीएसएलआरसाठी नवीन लेन्स आता येत नाहीत. तरी काळजी नको. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या आर मालिकेवर फोकससकट चालतात. आणि लोक भराभर मिररलेसकडे वळत असल्यामुळे चांगल्या डीएसएलआर लेन्स सेकंड हॅन्ड बाजारात आल्या आहेत, याचा फायदा तुमच्यासारख्याला आहे. म्हणूनच ५५-२५० जुनी घ्या म्हटलं.

जुनी घेताना ऑनलाइन पैसे पाठवू नका, समोर बसून बघा. स्वतःची बॉडी, एक छोटी टॉर्च आणि एक वर्तमानपत्र बरोबर न्या. दोन्ही टोप्या काढून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरपं बघा. एखाद-दोन धुळीचे कण असले तर बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी उठा. समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसतो. मग लेन्स लावा, माउंटमध्ये डुगडुगते का पाहा, झूम आणि फोकसची रिंग वाळू असल्यासारखी कचकचते का पाहा. वर्तमानपत्र भिंतीला सरळ चिकटवून ५५, १३५ आणि २५० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो घ्या आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून चारही कोपरे बघा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. आयएस चालू करून शटर अर्धं दाबा, कान जवळ नेला तर हलकीशी गुणगुण ऐकू येते आणि चित्र जागेवर बसल्यासारखं दिसतं. पुन्हा फोटो काढताना अधूनमधून काळी चौकट किंवा चुकांचा संदेश येत असेल तर आतली ॲपर्चरची केबल गेलेली असू शकते. विकणाऱ्याकडे मूळ बिल असेल तर मागून घ्या, ते नसेल तर भाव कमी करायला सांगणं तुमचा हक्क आहे.

घरी आणल्यावर आपल्याकडची मोठी अडचण पावसाळा. नाशिक शहर बरं, पण इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला दोन दिवस फिरून आलात की बॅगेच्या आतलं कापडसुद्धा ओलसर झालेलं असतं, आणि त्याच बॅगेत लेन्स महिनाभर पडून राहिली की बुरशी धरते. परत आलात की कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, बॅग वेगळी वाळवा. मग झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पुरचुंडी आणि एक साधा आर्द्रतामापक. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते ओलं झालं असं समजायचं. मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करता येतं, पण त्यासाठी एक जुनं भांडं कायमचं वेगळं काढा, त्या निळ्या रंगातलं रसायन पोटात जायला नको.